आयर्विन किती झाला?

आमच्या कुत्र्याचं नाव आयर्विन आहे. ठेवलं तेव्हा फार शोभलं होतं. सांगलीत राहणाऱ्या माणसाने कुत्र्याचं नाव आयर्विन ठेवू नये, हे कळायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. कृष्णेवर आमचा एक पूल आहे, १९२९ सालचा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. नदी किती चढली ते त्या पुलाशी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. जुलै लागला की सांगलीकर एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, 'आयर्विन किती?' एवढंच विचारतात. दूधवाला विचारतो, न्हावी विचारतो, पुण्याला स्थायिक झालेले भाऊबंद फोन करून विचारतात.

तर असाच माझ्या धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. सौभाग्यवतींनी उचलला.

"वहिनी, आयर्विन किती झाला?"

"अठरा."

"अठराच? मग काही काळजी नाही."

"काळजी कशी नाही? डॉक्टर म्हणाले, दोन तरी कमी व्हायला हवेत. खाणं आवरा म्हणाले."

भावाने फोन ठेवला आणि मला लावला. वहिनींना बरं आहे ना, असं त्याने फार हळू आवाजात विचारलं.

दुसरा प्रसंग याहून वाईट. एका संध्याकाळी साखळी हातातून निसटली. मी बोळातून ओरडत पळालो, "आयर्विन सुटला! अहो, आयर्विन आत शिरला!" कुत्रा सापडायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या भाडेकरूंनी फ्रिज जिन्यात आणून अडकवला होता. तो जिन्यातून काढायला आम्हा चौघांना रात्रीचे अकरा वाजले. भाडेकरू अजून माझ्याशी पावसाळ्यापुरते बोलत नाहीत.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. ३६ वर्षं नोकरी केली. यात्रेच्या जादा गाड्या, दरड कोसळल्यावर वळवलेल्या गाड्या, मुक्कामाची गाडी फेल झाल्यावर चिडलेली वऱ्हाडं, सगळं पाहिलं. माणसं हलवणं हा माझा धंदा. त्यामुळे पूर आला तर घरातली दोन माणसं, एक कुत्रा आणि एक मांजर हलवणं म्हणजे माझ्या हिशेबी किरकोळ फेरी होती. वेळापत्रक आखायचं, शिट्टी मारायची, गाडी सोडायची.

आमचा पूरही तसा सभ्य आहे. तो ढगफुटीसारखा अंगावर येत नाही. पै-पाहुण्यासारखा आधी कळवून येतो. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं, पैकी किती भरलं, दरवाजे किती फुटांनी उचलले, अलमट्टीने किती अडवलं, हे चहाच्या गाड्यावर कप विसळणाऱ्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्टमध्ये सांगलीत पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर किती असं विचारलंत, तर लोकसंख्या सांगावी लागेल. धरणातून सुटलेलं पाणी इथे पोचायला वेळ लागतो. म्हणजे पाहुण्याने चिठ्ठी पाठवलेली असते, गाडीचा नंबर कळवलेला असतो. तरी तो दारात उभा राहिला की आम्ही म्हणतो, "अगंबाई, आज कसे काय?"

याचं कारण आम्हाला मागचा पूर पाठ असतो. आमच्या जिन्यात वडिलांनी २००५ च्या पाण्याची रेघ ओढून ठेवली होती, तारखेसकट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा अख्ख्या गावभागाने एकच शहाणपणा केला. सामान त्या रेघेच्या वर एक फूट चढवलं आणि चहा टाकला. पाण्याला ती रेघ कुणी दाखवली नव्हती. ते ५७ फुटांच्या वर गेलं. आमचा टीव्ही, गाद्या, लग्नातला अल्बम आणि रेघ, सगळंच बुडालं.

आयर्विन आम्हाला त्याच पुरात मिळाला. समोर पिठाची गिरणी आहे, तिच्या पत्र्यावर एक पिवळट गावठी कुत्रं येऊन उभं राहिलं होतं. दोन दिवस ते तिथे होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या जिन्याला बोट लागली. बोटीत आधीच एक बाळंतीण, दोन म्हातारी माणसं आणि एक गॅस सिलिंडर होता. कुत्र्याला जागा नव्हती, हे कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आम्ही बसलो. बोट वळली तेव्हा ते भुंकलं नाही, नुसतं बघत राहिलं. त्यानंतर आमची ही पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही. ३४ वर्षांच्या संसारात इतकी मोठी सुट्टी मला पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती मला नको होती.

पाणी उतरल्यावर आम्ही परतलो तर स्वारी आमच्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली. मंडळाची पोरं बोटीतून त्याच्याकडे बिस्किटांचे पुडे फेकत होती, असं नंतर कळलं. हिने चिखलातून वाट काढत आधी त्याला भाकरी घातली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हा आता इथेच राहील." ठरावाला अनुमोदन मागितलेलं नव्हतं.

२०२१ साली पाणी पुन्हा आलं, ५५ फुटांच्या घरात. या वेळी आयर्विनला टाकून जायचं नाही, एवढंच आमचं नियोजन होतं. शेवटच्या क्षणाला निघालो. आयर्विन पुढे, त्याच्या मागे आम्ही आणि मांजर कपाटावर. मांजरीचं नाव बायजा. ती आमची आहे असं आम्ही म्हणतो. तिला कुणी विचारलेलं नाही. तिने कपाटावरून उतरायला साफ नकार दिला. वरच्या माळ्यावर पाणी आणि खाणं ठेवून आम्हाला निघावं लागलं. निवाऱ्याला म्हणून एका शाळेत गेलो. तिथल्या माणसाने वहीत आमची नावं लिहिली, ब्लँकेट दिलं, सगळं नीट केलं. मग खाली बघितलं.

"हे कोण?"

"आयर्विन."

त्याला वाटलं मी पातळी सांगतोय. "ते माहितीय हो. कुत्र्याचं काय करायचं? माणसांची सोय आहे, कुत्र्याची नाही."

तो खोटं बोलत नव्हता. वर्गात चाळीस माणसं झोपणार, त्यात लहान मुलं. मी आयर्विनला घेऊन व्हरांड्यात घंटेखाली झोपलो. सकाळी कुणीतरी सवयीने घंटा वाजवली.

मुलगी ह्यूस्टनला असते. तिने हे ऐकलं आणि व्हिडिओ कॉलवर मला असं झापलं की मला एकदम डेपो मॅनेजरांची आठवण झाली. तिचं शहर २०१७ साली हार्वे वादळात बुडालं होतं, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "बाबा, इकडे याचा कायदा आहे." आणि खरंच आहे. आमच्याकडे २००५ चा पूर आला त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर न्यू ऑर्लिन्सला कतरिना वादळ आलं. सुटकेच्या बसमध्ये चढताना एका लहान मुलाच्या हातातून त्याचं पांढरं कुत्रं काढून घेतलं गेलं. पोरगं ओकारी होईपर्यंत रडलं, अशी बातमी तेव्हा जगभर गेली. कुत्र्याचं नाव स्नोबॉल. पुष्कळ माणसांनी तर जनावरं सोडून यायला नकार दिला आणि घरीच थांबली. मग २००६ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला. राज्यांना आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर त्यांच्या योजनेत पाळीव जनावरांचीही सोय लावलेली असली पाहिजे. म्हणजे कुत्र्यासाठी नव्हे, कुत्र्यापायी मागे राहणाऱ्या माणसासाठी. सरकारी डोकं असं चालतं ते मला आवडलं. 

मुलीने यादी पाठवली. ती वाचून माझी खात्री झाली की अमेरिकेत कुत्रा पूर आल्यावर घर सोडत नाही, बदलीवर जातो. सात दिवसांचं खाणं. सात दिवसांचं पाणी. दोन भांडी. औषधं. लस टोचल्याचं पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत. जादा पट्टा, जादा साखळी, तोंडाला बांधायची जाळी. पट्ट्यावर फोन नंबर. त्याच्या अंगाचा वास लागलेली एक जुनी चादर, म्हणजे परक्या जागी जीव रमतो. आणि कुत्र्याचा व मालकाचा एकत्र फोटो.

पाण्यावर आमची चर्चा झाली. चहूकडे पाणीच पाणी असताना कुत्र्यासाठी पाणी न्यायचं, हे हिच्या पचनी पडेना. पण पुराचं पाणी म्हणजे शेरीनाल्यापासून जगातलं सगळं काही मिसळलेला काढा, त्यातून लेप्टोचा धोका माणसाइतकाच कुत्र्यालाही. आयर्विनला रेबीज आणि लेप्टो, दोन्हींच्या सुया वेळच्या वेळी आहेत. माझ्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख विचाराल तर मला सांगता येणार नाही.

खरं म्हणजे पिशवी भरून झाली तेव्हा हिच्या लक्षात आलं, की आयर्विनकडे पूर्ण तयारीची पिशवी आहे आणि आमच्याकडे नाही. आमची कागदपत्रं तीन कपाटांत विखुरलेली. मग जागा होती म्हणून माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, हिचा चष्मा आणि घराची इंडेक्स-टू आयर्विनच्याच पिशवीत घातली. माझ्या गोळ्या आणि त्याच्या जंताच्या गोळ्या शेजारी-शेजारी आहेत. अजून अदलाबदल झालेली नाही. झाली असली तर दोघांनाही मानवली आहे.

फोटोसाठी स्टुडिओत गेलो. पूर ओसरल्यावर कुत्रा सापडला तर तो माझाच, हे सिद्ध करायला असा फोटो लागतो. फोटोग्राफर जुना माणूस. त्याने काही न विचारता दिवे लावले आणि म्हणाला, "मान जरा वर. तुम्ही नाही, हे." फोटो चांगला आलाय. हिचं म्हणणं, आयर्विनला कुणीही ओळखेल. हा फोटो पुढे-मागे तुमचीच ओळख पटवायला उपयोगी पडेल.

आता बायजा. मांजरीसाठी जाळीची पेटी घ्यावी, ती महिनाभर घरात उघडी ठेवावी, आत तिची चादर आणि खाणं ठेवावं, म्हणजे पेटीची भीती जाते, असं यादीत होतं. हे अगदी खरं आहे. भीती गेली. बायजा पेटीत राहायलाच गेली. उन्हात, पावसात, पाहुणे आले की, तिचं स्वतःचं घर असल्यासारखी ती आतून आमच्याकडे बघायची. फक्त दाराला हात लावला की पेटी रिकामी. मी उघड्या दारासमोर बसून वीस मिनिटं वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग केलं, तरी तिला कळायचं. एसटीत फुकटे प्रवासी मी चेहऱ्यावरून ओळखायचो; मांजरीला ती विद्या पाठीवरून अवगत आहे.

पेटी नसेल तर मांजर उशीच्या अभ्र्यात घालावं, असा तिकडचा एक सल्ला आहे. ज्याने तो दिला तो मोठा आशावादी माणूस असणार. आमच्याकडे अभ्र्यात उशी घालायलाही दोन माणसं लागतात, आणि उशी प्रतिकार करत नाही. आम्ही एकदाच प्रयत्न केला. अभ्रा मोठा होता, बायजा लहान होती, आम्ही दोघं होतो. शेवटी अभ्र्यात माझा डावा हात कोपरापर्यंत होता आणि बायजा पडद्याच्या दांडीवर. हिने हळद लावली.

तरीही रंगीत तालीम झालीच पाहिजे, असं मी ठरवलं. रविवारी सकाळी आठ वाजता शिट्टी मारली. ती नोकरीतली शिट्टी आहे, निवृत्तीच्या वेळी मी परत केली नव्हती. पहिल्या तालमीला ५२ मिनिटं लागली. त्यातली ४१ बायजाची. आयर्विन चार वेळा तयार होऊन रिक्षापर्यंत गेला आणि आम्ही का येत नाही ते बघायला परत आला. दुसऱ्या तालमीच्या आत त्याला समजलं, की ही पिशवी निघाली म्हणजे डॉक्टर. तो पलंगाखाली गेला. तिसऱ्या तालमीला दोन्ही जनावरं वेळेवर हजर होती. रिक्षावाला आला नाही. "काका, दर रविवारी पूर कुठनं आणताय?" म्हणाला.

आमची शिट्टी ऐकून मंडळाच्या पोरांना हुरूप आला. त्यांनी गल्लीची यादी करायला घेतली: कुठल्या घरात म्हातारी माणसं, कुणाला चालता येत नाही, कुठे जनावर. दारावर खडूने आकडेही मांडले. आमच्या दारावर लिहिलं, 'माणसं २, कुत्रा १, मांजर १ (असल्यास)'. शेजारचे नाना मात्र बिथरले. नानांकडे पोपट आहे. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे नानांना पक्कं ठाऊक. ते कोर्टात बेलिफ होते. पोरं दारात आल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे काही प्राणी-बिणी नाही." तेवढ्यात आतून हुबेहूब नानांच्या आवाजात आलं, "अगं, चहा टाक!" पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि यादीत लिहिलं, 'नाना २'.

मगरींची नोंद पोरांनी घेतली नाही. कृष्णेत मगरी आहेत आणि पाणी चढलं की त्याही गावाकडे सरकतात. २०१९ ला इथून खाली, बेळगाव जिल्ह्यात रायबाग तालुक्यात, एक मगर चक्क घराच्या छपरावर जाऊन बसली होती. सगळ्यांनी फोनवर बघितली. स्थलांतराच्या बाबतीत तिच्याइतकी निवांत मुद्रा मी दुसरी पाहिलेली नाही.

पिशवी झाली, तालीम झाली. मग मुलीने विचारलं, "बाबा, पण जाणार कुठे?"

यादीत सगळं होतं, हे नव्हतं.

त्या दिवशी मी नातेवाइकांकडे पहिल्यांदाच उंचीच्या दृष्टीने बघितलं. वही घेतली आणि रकाने पाडले. मिरजेचे मावसभाऊ: उंची उत्तम, स्वभाव मध्यम, घरात दोन बोके. कुपवाडचे माझे जुने सहकारी: उंची चांगली, पण घरात सोवळं कडक, आयर्विनला मटणाच्या नळीची सवय. हरिपूरची आत्या: माया अफाट, पण घर अगदी संगमाच्या तोंडाशी, तिलाच दरवर्षी आणावं लागतं. राहता राहिले विश्रामबागचे मेहुणे. तिसरा मजला, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि हॉलमध्ये पांढरा सोफा.

मी फोन केला. "या की दाजी, तुमचंच घर आहे," मेहुणे म्हणाले.

"आयर्विनलाही आणतो मग."

यानंतर जी शांतता पसरली, तशी मी फक्त पगारवाढीच्या बैठकीत ऐकली होती. मग ते म्हणाले, "काय आहे दाजी, माझं काही नाही हो. आमच्या सोसायटीत चालत नाही."

कुत्रा पाळायला सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. मी ते काढून, छापून, अधोरेखित करून ठेवलं होतं. पण कायद्याचा कागद दाखवून पाहुणचार मिळत नाही. फार तर पोलीस चौकीत खुर्ची मिळते.

तज्ज्ञ सांगतात, प्राण्याला नव्या जागेची सवय आधीपासून लावावी. आम्ही नव्या जागेला प्राण्याची सवय लावायला घेतली. दर पंधरवड्याला रविवारी विश्रामबागला जायचं. पहिल्या खेपेला आयर्विनला खाली पार्किंगमध्येच ठेवून मी एकटा वर गेलो. दुसऱ्या वेळी जिन्यापर्यंत. तिसऱ्या वेळी दारात, सोबत अर्धा किलो भडंग. मेहुण्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, कुत्र्याची भीती, त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या आणि फटीतून विचारायच्या, "गेला का?" पाचव्या खेपेला फट जरा मोठी झाली. सातव्या खेपेला फटीतून एक बिस्किट बाहेर आलं. माणूस माणसाळायला वेळ लागतो. त्याला घाई करू नये, अंगावर जाऊ नये, आणि चांगलं वागला की लगेच कौतुक करावं.

या सगळ्या उद्योगात मी स्वतःवर खूष होतो, तोवर एकदा आमच्या दूधवाल्या मामांशी बोलणं झालं. त्यांचा गोठा कर्नाळ रोडच्या अंगाला, सखल रानात. अकरा म्हशी, दोन रेडकं. मी त्यांना यादी, पिशवी, तालीम, सगळं दाखवलं. त्यांनी फोटोही बघितला.

"मी आपला पस्तीसला निघतो," मामा म्हणाले.

"पस्तीस? अहो, इशारा चाळीसला."

"चाळीसला टेम्पोवाला तिप्पट मागतोय. पंचेचाळीसला टेम्पोच न्हाई. पस्तीसला शंभर रुपये कमीच घेतोय, त्याला वाटतं हे खुळं आहे."

मामा जनावरं घेऊन कवठे महांकाळकडे जातात, त्यांच्या साडूंच्या रानात. आमचा जिल्हाच तसा आहे. पश्चिमेला नदी घरात येते, पूर्वेला नळाला येत नाही. २०१९ ला इकडे आम्ही बोटीत बसलो होतो तेव्हा तिकडे जत, आटपाडीला टँकर चालू होते. दुष्काळाच्या साली साडूंची जनावरं मामांच्या उसाच्या वाड्यावर येतात, पुरात मामांची त्यांच्याकडे जातात. तीस वर्षं चाललंय. त्याला ते नियोजन म्हणत नाहीत, 'येणं-जाणं' म्हणतात.

"आणि रात्रीतनं पाणी आलंच अचानक, तर?" मी विचारलं.

"दावं सोडायचं. कापायचं. म्हस पोहती हो, खुंटा पोहत न्हाई." मग जाता जाता माझ्या फाइलकडे बघून म्हणाले, "आमच्या एकेकीच्या कानात बिल्ला आहे, बारा आकडी नंबरचा. सरकारनं मारलाय. तुमच्या साहेबाला नंबर आहे का कुठला?"

साहेबाला फक्त माझा मोबाईल नंबर होता.

आणि मग एका पावसाळ्यात पाणी खरंच चाळिशीकडे निघालं. आमचा ठराव होता, ३८ ला हलायचं. सांगलीत ३८ ला घर सोडणं म्हणजे काय, ते सांगलीकरच जाणे. ३८ ला लोक पूर बघायला निघतात. घाटाकडे जत्रा असते. कणसं, भजी, फुगे, नवीन लग्न झालेली जोडपी. त्या गर्दीच्या उलट दिशेने, पिशव्या घेऊन, छत्री सावरत आपण निघायचं. ओळखीचा प्रत्येक जण थांबून म्हणणार, "काय ओ, इतक्यात? अजून दोन फूट आहे की!" पुरात बुडणं सोसतं, हे सोसत नाही. पण मामांचा टेम्पो दोन दिवसांपूर्वीच गेला होता आणि गोठा रिकामा दिसत होता. ही म्हणाली, "वाजवा शिट्टी."

धाकधूक बायजाची होती. बघतो तर बाहेर मुसळधार पाऊस, आणि ती आपल्या पेटीत, आपल्या घरी, पाय पोटाशी घेऊन झोपलेली. मी दार लावलं. अकरा सेकंद. वहीत ही वेळ लिहिलेली नाही. कुणी विश्वास ठेवला नसता.

अडला तो आयर्विन. बोळाच्या तोंडाला गटारातून वर आलेलं चार बोटं पाणी होतं. ते त्याने हुंगलं, शेपटी पायात घातली आणि वळून थेट गच्चीत पळाला. पाण्याच्या टाकीवर चढून बसला. तीन तालमी, अमेरिकेची यादी, सगळं खरं; पण पूर आला की वर चढायचं आणि पाणी जाईपर्यंत तिथेच थांबायचं, हे त्याने पत्र्यावर राहून शिकलेलं होतं. बिस्किट दाखवलं, शिट्टी मारली, हिने हाका मारल्या. तो फक्त बघत राहिला. ते बघणं आम्ही दोघांनीही ओळखलं. ही पदर खोचून टाकीची शिडी चढायला लागली. साठीची बाई, पावसात. मग मी मंडळाच्या पोरांना हाक मारली. त्या वास लागलेल्या जुन्या चादरीची झोळी केली, आणि त्याच १८ किलोंना दोन पोरांनी नवरदेवासारखं खांद्यावरून रिक्षापर्यंत आणलं. डॉक्टरांचं ऐकलं असतं तर १६ भरले असते.

पूर बघायला निघालेली माणसं थांबून बघत होती. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" पोरगं ओरडलं, "आयर्विन उतरवला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्धी जत्रा घरी परतली.

विश्रामबागला पोचेपर्यंत रात्र झाली. वहिनींनी दार उघडलं, पूर्ण उघडलं. आम्ही सगळेच निथळत होतो. आयर्विन थरथरत होता. त्यांनी काही न बोलता टॉवेल आणला. मला वाटलं माझ्यासाठी.

सकाळी मी दाढी करत असताना ह्यूस्टनहून फोन आला. मेहुण्यांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मामा, बाबा पोचले ना? आयर्विन उतरला का?"

मेहुण्यांनी वळून हॉलमधल्या पांढऱ्या सोफ्याकडे बघितलं. "नाही गं. रात्री चढलाय तो तसाच आहे. तुझी मामी जवळ बसून आहे, उतरवू देत नाही."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"मामी पुलावर काय करतेय?"